धुऱ्यावरचा हात

परवापासून मागच्या वावरात थ्रेशर लागलंय. सकाळी फरशी पुसली की दुपारपर्यंत तिच्यावर पुन्हा पिवळसर थर बसतो आणि अनवाणी चाललं की पावलं उमटतात. दोरीवरची पांढरी ओढणी झटकली तर शिंका येतात. सोयाबीनच्या वाळलेल्या काडीचा हा वास, थोडा गवताचा, थोडा तेलाचा, थोडा जुन्या पोत्याचा. आमच्या भागात दसरा याच वासात होतो, दिवाळी याच वासात जवळ येते, आणि आम्हा ख्रिस्ती घरांचा कापणीचा सणही त्यातूनच उगवतो. इतरांना या वासानं काय काय आठवत असेल. मला पोटातलं दुखणं आठवतं.

आमच्याकडे मत्सराला कुणी मत्सर म्हणत नाही. तो शब्द व्यासपीठावरचा. नळावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत सरळ म्हणतात, "तिच्या पोटात दुखून राह्यलं." मी वाशिमला इंग्रजी शाळेत शिकले. तिथे या भावनेचा रंग हिरवा असतो असं शिकवलं होतं. रंग मला कधी दिसला नाही. दुखणं मात्र अगदी जागेवर होतं, डाव्या बरगडीच्या खाली, आणि काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात ते अर्ध्या पावसाळ्यापासून तुरीला फुलं येईपर्यंत तिथेच मुक्कामाला होतं.

पप्पा आमच्या चर्चचे पाळक. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, पुढे अंगण आणि त्यात एक कडुनिंब, मागे विठ्ठलकाकांचं वावर, वावरापलीकडे रेल्वेचा रूळ. जऊळक्याचं स्टेशन जवळ, त्यामुळे गाडी शिट्टी वाजवतच जाते. रविवारच्या उपासनेत संदेश, म्हणजे पाळकाचं प्रवचन, रंगात आला की हमखास एक मालगाडी येते. पाहुणे पाळक तिच्यावर आवाज चढवतात आणि हरतात. पप्पा थांबतात. वाक्य अर्ध्यावर ठेवून, दोन्ही हात पुल्पिटवर, संदेशाच्या त्या उंच मेजावर, टेकून, शेवटचा डबा जाईपर्यंत शांत उभे राहतात आणि मग ते अर्धं वाक्य तिथूनच उचलतात. लहानपणी मला वाटायचं, गाडी त्यांनीच बोलावलेली असते, लोकांना जरा विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

त्या वर्षी, पावसाळा अर्ध्यावर आलेला असताना, त्यांनी संदेश कसा द्यावा याचा वर्ग सुरू केला. आजूबाजूच्या गावांतल्या चार-दोन घरांच्या मंडळ्यांना दर रविवारी पाळक मिळत नाही. म्हणून आपल्यातल्याच माणसांनी शिकावं, असं त्यांना वाटत होतं. वर्ग शनिवारी संध्याकाळी, आमच्या व्हरांड्यात, सतरंजीवर. आम्ही मोजकेच. एसटीत कंडक्टर असलेले शांतवनभाऊ. कमलमावशी, ज्या चर्चमधल्या सगळ्यांच्याच मावशी आणि ज्या शिकायला कमी आणि चहाला जास्त यायच्या. मी. आणि करुणा, माझ्या दादाची बायको, त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन धनजहून आमच्या घरात आलेली. वयानं माझ्याहून लहान, नात्यानं वहिनी. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला ताई.

पप्पांचा पहिला धडा बोलण्याचा नव्हताच. ते म्हणाले, "शास्त्रभाग आपण वाचतो असं आपल्याले वाटते. खरं म्हणजे आधी थो आपल्याले वाचते. त्यानं तुमाले पुरतं वाचल्याशिवाय पुल्पिटकडं जाऊ नका." पुल्पिटवर पप्पांची भाषा इस्त्रीची असते. व्हरांड्यात ती घरच्या कपड्यांत यायची. मी मात्र टिपणं काढताना त्यांचं प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत नेऊन, तिथे नीट बसवून, मग मराठीत परत आणत होते. त्या येण्याजाण्यात त्याची ऊब कुठे सांडायची ते मला कळायचं नाही.

शांतवनभाऊंनी पहिला सराव-संदेश दिला तो गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडत असल्यासारखा. एक मुद्दा संपायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा. वहिनी मधेच म्हणाली, "भाऊ, तुमच्या संदेशात उभं राहाले जागा नाही." सगळ्यांत मोठ्यानं शांतवनभाऊच हसले. आणि पप्पाही हसले. डोकं मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मम्मी गेल्यापासून पप्पांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांचा चहा किती गोड, उपासनेच्या झग्याची इस्त्री कुठे मोडते, रविवारी चष्मा कुठल्या खिशात हवा, हे सगळं मला पाठ होतं. घर मीच सांभाळत होते आणि चांगलं सांभाळत होते. पण हसणं हे काम माझ्या कामांत आलंच नाही. आणि ही मुलगी, मनगटाला कणीक लागलेली, शास्त्रभाग आधी वाचून न आलेली, एका वाक्यात ते घेऊन आली. बरगडीखाली पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा.

पूर्ण हंगामासाठी पप्पांनी एकच गोष्ट दिली होती. दोन मुलगे असलेल्या बापाची, प्रभू येशूनं सांगितलेली. धाकटा आपला वाटा मागून घेतो, दूर जाऊन उधळतो, उपाशी मरायला लागतो आणि परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो, वाजंत्री लावतो. थोरला त्या वेळी वावरात असतो. घराजवळ येतो, वाजंत्री ऐकतो, एका नोकराला विचारतो हे काय चाललंय, आणि कळल्यावर रागावून बाहेरच उभा राहतो. मग बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, ते गोष्टीत सांगितलेलंच नाही.

"पप्पा, त्या बापाले काही कळत नोतं काय?" वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं. "पोट्ट्यानं मांगतलं अन् देऊन टाकलं! आमच्या धनजले असं कोणी केलं असतं तं भावकीनं त्याले झाडाले बांधलं असतं."

"बरोबर," पप्पा म्हणाले. "तवा येशूचं ऐकणाऱ्यायलेही असाच धक्का बसला असन. हा धक्का तुह्या संदेशात ठेव. पुसू नको."

माझ्या संदेशात पुसण्यासारखं काहीच नव्हतं. त्यात मुद्दे होते, उपमुद्दे होते, मूळ भाषेतल्या दोन शब्दांचे अर्थ होते, जे मी फोनवर रात्रंदिवस वाचून जमवले होते. पप्पांनी तो पूर्ण ऐकला आणि हळूच म्हणाले, "यात 'पाहिजे' फार हाय बेटा. आपण हे केलं पाहिजे, आपण ते टाळलं पाहिजे. आधी देवानं काय केलं ते सांग. माणसानं काय करावं ते मागून आपोआप येते. कृपा पुढं चालते, आज्ञा तिच्या मागं. उलटं केलं की चर्चचं पोलीस ठाणं होते."

मी मान हलवली. कागदावर लिहिलं, कृपा पुढे. आणि मनात म्हटलं, जिला काहीच करावं लागत नाही तिला कृपा सोपी असते.

आवाज शिकवायची पप्पांची एक पद्धत होती आणि ती वावरातली होती. विठ्ठलकाकांची तूर त्या दिवसांत माझ्या खांद्याला लागायची. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शिकणाऱ्यानं उभं राहायचं. समोरच्या धुऱ्यावर, सगळी तूर ओलांडून, पप्पा. मध्ये हिरव्या ओळी, त्यांच्यावर वारा. ओरडायचं नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सांगतोय असं समजून बोलायचं. शब्द नीट पोचले की पप्पा हात वर करायचे. पोचले नाहीत तर नुसतेच उभे.

विठ्ठलकाका बैलगाडीवरून जाताना म्हणायचे, "पास्टर, माह्या तुरीले रोज उपदेश भेटून राह्यला. औंदा शेंगा चांगल्या लागतीन!"

वहिनी उभी राहायची आणि पप्पांचा हात वर. तिचं पहिलं वाक्य अजून अर्ध्यातच असायचं. शाळेत लहान वर्गांना शिकवून तिचा आवाज मोकळा झालेला, शिवाय ती बोलायची तेव्हा एखाद्याला हाक मारतेय असंच वाटायचं. मी उभी राहायची तर आधी ओढणी सावरायची, मग हाताची घडी घालायची, मग पप्पांनी घडी नको म्हटलेलं आठवून ती सोडायची, मग हातांचं काय करावं ते सुचायचं नाही. माझी वाक्यं तुरीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत उतरून बसायची. समोर पप्पा, लहानसे, पांढऱ्या शर्टातले, नुसते उभे. एकदा हात वर झाला. मी पुढच्या वाक्यावर दुप्पट जोरानं तुटून पडले. घरी जाताना कळलं, ते डास हाकलत होते.

परतताना वहिनी माझ्या पुढे चालायची. तुरीच्या शेंड्यांना हात लावत, गाणं गुणगुणत. मी तिच्या पाठीकडे पाहत चालायची. तिचं चालणं, तिचं केस बांधणं, अंगणात कोंबड्यांना ओरडणं, सगळंच मला पाठ होत होतं. ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याला आपण इतकं पाहतो. ज्याच्यावर जळतो त्यालाही. लांबून बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसला नसता.

मग सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं आणि पप्पांचा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग मधेच फाटायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घशाला पूर्ण विश्रांती, काही आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. बाहेर मजूर बायांच्या विळ्यांचा आवाज, ताडपत्र्या ओढल्याचा आवाज, थ्रेशरचा दिवसभराचा घरघराट, आणि आमच्या घरात बोलणारा माणूस मुका. वहिनीनं शाळेतून पाटी आणून दिली. पण पप्पांना खडूनं लिहायचा कंटाळा, ते खुणाच करायचे. तोंडाकडे बोट म्हणजे चहा. छातीवर हात म्हणजे प्रार्थना करू. दाराकडे बोट म्हणजे कुणीतरी आलंय किंवा कुणीतरी जावं, संदर्भानं समजून घ्यायचं. दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघं त्या खुणांचे आपापले अर्थ लावायचो आणि घर कसंबसं चालायचं.

कापणीच्या सणाचा संदेश दर वर्षी पप्पांचा असायचा. त्या वर्षी पाटीवर त्यांनी लिहिलं की तुमच्यापैकी कुणीतरी बोलेल. कोण, ते लिहिलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही. शांतवनभाऊंना त्या रविवारी ड्युटी, कमलमावशी पुल्पिटच्या नावानंच हात जोडायच्या. राहिले आम्ही दोघी. आणि दोघींत घरची मुलगी मी होते. या चर्चच्या फरशीवर मी रांगले होते, तिथल्या रविवार-शाळेत पहिलं बक्षीस माझं होतं, मम्मी गेल्यावर वेदीवरचं कापड दर महिन्याला मीच धूत होते. सणाचा तो पाऊण तास माझा, हे मला इतकं उघड वाटत होतं की मी तयारीला लागलेसुद्धा.

आणि तो मला हवा होता. लाजऱ्या माणसाला काही हवं नसतं असं लोक धरून चालतात. मला तो इतका हवा होता की भांडी घासताना माझे ओठ हलायचे. एकदा तरी चर्चनं मला पूर्ण ऐकावं, मधे कुणी "जरा जोरात बोल वं" न म्हणता. एकदा तरी पप्पांनी माझ्यासाठी हात वर करावा.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ स्पष्ट आठवते. मी भाकरी थापत होते, वहिनी चुलीजवळ बसून मिरच्यांची देठं काढत होती. थोरल्या भावाचा विषय निघाला. बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले, "वहिनी, लोक त्याला वाईट ठरवतात. पण एक पाहा. वासरू कापलं, वाजंत्री बोलावली, सगळं घर गोळा झालं. वावरातल्याला सांगायला कुणी गेलंच नाही. त्याला नोकराकडून कळलं."

वहिनीच्या हातातली मिरची तशीच राहिली. "हे तं खरंच हाय, ताई. कोणीच गेलं नाही. निरा विसरलेच त्याले."

"विसरले नसतील," मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले. "तो आहेच, असं धरून चालले असतील."

हे मी माझ्या संदेशात घातलं नाही. ते फोनवरच्या एकाही ग्रंथात मला सापडलं नव्हतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते फार जवळचं होतं. संदेश पुन्हा वाचताना एक विचित्र गोष्ट मात्र लक्षात आली. त्यात जिथे जिथे 'उधळेपणा' होता, 'आयत्या वेळी येऊन सगळं मिळवणारे' होते, तिथे माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होतं, आणि त्याच्या मनगटाला कणीक लागलेली होती. पप्पा म्हणायचे, पुल्पिटवरून कुणाशी भांडण उरकायचं नाही, कारण समोरच्याला तिथे उत्तर देता येत नाही. मी ती वाक्यं खोडली. खोडल्यावर संदेश निम्माच उरला. तरी तो उरलेला निम्मा मी तुरीला ऐकवत राहिले.

सणाच्या आदल्या दिवशी कमलमावशी डोक्यावर भलामोठा भोपळा, आमच्याकडचं कोहळं, घेऊन आल्या. अंगणात उतरवून धापा टाकत म्हणाल्या, "घे वं बाई, औंदाचं पह्यलं कोहळं. मांडवावरचं सगळ्यात मोठं देवाले. अन् ऐकलं का, उद्या करुणा बोलते म्हंते! भल्लं झालं. पोट्टीच्या तोंडात मध हाय निरा."

मी भोपळा उचलला. तो ठेवायला जागा शोधत राहिले, अंगण रिकामं असूनही.

"तुले माहीत नोतं काय?" मावशींनी विचारलं.

"होतं ना," मी म्हणाले.

घरात कुणालाच काही विचारलं नाही. रात्रीची भाकरी केली, पप्पांचा झगा इस्त्री केला, चष्मा खिशात ठेवला. वहिनी समोर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. माझ्याकडे पाहून हसली. मला वाटलं, ही हसतेय कशी. आता कळतं, ती घाबरलेली होती.

कापणीच्या सणाला आमचं अंगण बाजारासारखं दिसतं. ज्याच्या घरी जे पहिलं निघतं ते तो आणतो. सोयाबीनच्या पिशव्या, उडीद, संत्री, मुळ्याच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणाचा केक, कुणाच्या चकल्या. थोडं आत वेदीपुढे मांडतात, बाकीचं कडुनिंबाखाली, उपासनेनंतरच्या लिलावासाठी. लिलावात घेणारा वस्तू घरी नेतोच असं नाही. पुष्कळदा तो ती तिथल्या तिथे पुन्हा अर्पण करतो आणि तीच वस्तू पुन्हा बोलीला येते. कमलमावशींचा भोपळा असा दर वर्षी तीन-चार जणांचा होतो आणि शेवटी आमच्याच घरी शिजतो.

उपासना चालू असताना बाहेरच्या ढिगाजवळ कुणीतरी बसावं लागतं, नाहीतर शेजारच्या बकऱ्या येऊन सण साजरा करतात. एरवी हे काम पाळीपाळीनं होतं. त्या दिवशी कुणी विचारायच्या आत मी म्हणाले, "मी बसते."

कडुनिंबाला भोंगा बांधलेला होता. आत न बसताही सगळं ऐकू येत होतं, नको असलं तरी. गीतं झाली, प्रार्थना झाली, मग माइकवर कुणीतरी घसा खाकरला आणि वहिनी बोलायला लागली. चांगली बोलली. मला हे लिहिताना आजही जड जातं. धाकट्याचं घर सोडणं तिनं असं सांगितलं की आतून बाया "अरे देवा" म्हणाल्या. बाप धावला त्या ठिकाणी मालगाडी आली. मी कोंबड्यांकडे बघत मनात म्हणाले, आता ओरडेल. ती थांबली. पप्पांसारखी, शेवटच्या डब्यापर्यंत. मग म्हणाली, "गाडी गेली. बाप अजून धावूनच राह्यला." आत हशा पिकला आणि माझ्या बरगडीखाली कुणीतरी पीळ दिला. ते थांबणं आमच्या घरचं होतं. मी ते वीस वर्षं पाहिलं होतं आणि एकदाही वापरलं नव्हतं.

मग थोरल्यावर आली. "लोक त्याले वाईट म्हंतात," भोंगा म्हणाला. "पण एक पाहा. वाजंत्री वाजून राह्यली, पंगत बसून राह्यली, अन् वावरातल्याले सांगाले कोणी गेलंच नाही. त्याले नोकराकून कळलं."

मी उभी राहिले. हे माझं होतं. माझ्या चुलीवरचं.

"हे माह्यं नाही बरं," भोंग्यातून लगेच आलं. "आमच्या ताईनं सांगतलं मले, भाकरी करता करता. पुस्तकातलं लय ऐकलं मी, पण असं नाही ऐकलं. कुठी बसल्या ताई?"

बाकं करकरली. माना वळत असणार. कुणीतरी खोकलं.

"ताई नाही काय अंदर?" मग आवाज बदलला, माइकपासून जरा दूर गेला, पण भोंगा तो आवाज सोडायला तयार नव्हता. "अवो, त्यायले कोणी सांगतलं होतं ना, मी बोलणार हाय म्हणून?"

"मले वाटलं तू सांगतलं," दादाचा आवाज.

"मी? तुमाले पप्पानं खूण केली होती ना, ताईले सांग म्हणून?"

"मले वाटलं दार लाव म्हंते!"

हे सगळं कडुनिंबावरून, विठ्ठलकाकांच्या वावरापर्यंत. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून वर भोंग्याकडे बघायला लागला. माझे कान तापले. मला हसूही येत होतं, आणि त्या हसण्याचा मला राग येत होता. मी पुन्हा खाली बसले आणि भोपळ्याला पाठ टेकली.

तेवढ्यात चर्चच्या दारात पप्पा आले. पांढऱ्या झग्यात, मी इस्त्री केलेल्या. सगळं अंगण आमच्या मध्ये होतं. गोष्टीतला बाप बाहेर येऊन मुलाशी बोलतो, त्याला समजावतो. माझ्या बापाला बोलायची मनाई होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, इकडेतिकडे पाहिलं, पाटी आत राहिली होती. मग त्यांनी हात वर केला. तुरीपलीकडून करायचे तसा, पूर्ण, खांद्यापासून सरळ.

त्या खुणेचा अर्थ आमच्या घरात एकच होता आणि तो चुकण्यासारखा नव्हता. ऐकू आलं.

मी तर काहीच बोलले नव्हते. कितीतरी दिवस काहीच बोलले नव्हते.

मी लगेच उठले नाही. त्यांना जरा उभं ठेवलं. ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं, तरी हात खाली येईना. शेवटी उठले ते मुख्यतः त्या हातासाठी. अंगणाच्या कडेला दोन बकऱ्या टपून होत्या, म्हणून निघताना निदान भोपळा तरी उचलला. पप्पांजवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तशीच, भोपळ्यासकट, शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पुल्पिटवरून वहिनीनं मला पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि तोंड हसत होतं. ती म्हणाली, "गोष्टीतला थोरला घरात आला का नाही, थे शास्त्रानं सांगतलं नाही. आमच्याकडची थोरली आली पाहा. कोहळं घेऊन."

सगळं चर्च हसलं, रडलं, टाळ्या वाजल्या. कमलमावशी पदरानं नाक पुसत होत्या. इतका चांगला शेवट त्या पुल्पिटवर कुणी केला नव्हता. आणि मी मांडीवर भोपळा घेऊन बसले होते आणि मला एकच वाटत होतं, माझं आत येणंसुद्धा तिच्याच संदेशात गेलं.

उपासनेनंतर ती धावत आली, माझे दोन्ही हात धरले. "ताई, मले वाटलं तुमीच नाही म्हंतलं. लाजता म्हणून. मी तं रात्रभर घाबरून होती." मी म्हणाले, असू दे. ते खरंही होतं आणि नव्हतंही. भोपळा त्या वर्षी चार वेळा विकला गेला आणि आमच्याच घरी आला. वहिनीनं त्याची गोड भाजी केली. तीही माझ्यापेक्षा चांगली.

या वर्षी दादाची बदली झाली, दोघं शिरपूर जैनला राहतात. घर शांत आहे. पप्पांचा आवाज परत आला, पण पातळ होऊन, पाऊण तास टिकत नाही. गेल्या आठवड्यात चहा पिताना त्यांनी मला सांगितलं, तोंडानं, नीट, माझ्याकडे बघून, की सणाचा संदेश तू देशील. दुसऱ्या कुणाला खूण केली नाही.

मी शास्त्रभाग निवडलाय. 'पाहिजे' मोजायचे सोडून दिलेत. पण हवं ते मिळालं की दुखणं जातं, असं काही नाही. आता मनात येतं, ती इथे नाही म्हणून मला मिळालं. ती असती तर?

काल शनिवार होता. थ्रेशर दुपारी बंद पडलं आणि वावर एकदम मोठं वाटायला लागलं. मी धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. समोरचा धुरा रिकामा होता, पप्पांचे गुडघे आता तुरीतून चालू देत नाहीत. तूर फुलायला नुकती लागलीय, पिवळे ठिपके. ओढणी सावरली, घडी घातली, घडी सोडली. तोंड उघडणार तोच पलीकडे रस्त्यावर स्कूटी थांबली. वहिनी. सुट्टीची आली होती, घरी न जाता सरळ इकडे वळली असणार. पर्स काखेत मारून ती समोरच्या धुऱ्यावर चढली, पप्पांच्या जागेवर उभी राहिली आणि हात वर केला.

"वहिनी, मी अजून सुरूही नाही केलं!" मी ओरडले. चिडून ओरडले, मनापासून, वाक्य मनात कुठेही न नेता.

तिकडून, सगळी तूर ओलांडून, आरामात उत्तर आलं, "आलं ना मंग आयकू!"

थ्रेशरखाली वाकलेल्या विठ्ठलकाकांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बरगडीखाली दुखलं, ओळखीच्या जागी. ऐकण्यातसुद्धा ही माझ्या पुढेच. वारा पडला होता. ती हात खाली घेत नव्हती. मी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य उचललं.